मामीला मोठ्याने वाचून दाखवावे

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर माझ्या तोंडात एकच शब्द येतो: मामी. अर्धापूरची मामी. तिचं खरं नाव मी नववीत असताना पहिल्यांदा रेशनकार्डावर वाचलं, तेव्हा ते दुसऱ्याच कुणा बाईचं असावं असं वाटलं होतं. आमचं गाव कंधार तालुक्यातलं, शाळा चौथीपर्यंत. चौथीचा निकाल लागल्यावर वडील मला मामाच्या घरी सोडून गेले. मामा आणि मामी दोघंही दुसऱ्यांच्या केळीच्या बागेत कामाला जायचे. घरात त्यांच्या दोन मुली होत्या. तरी मला आश्रित असल्यासारखं एक दिवसही वाटलं नाही, आणि ते मामीमुळे.

मामीला अक्षरओळख नव्हती. पण संध्याकाळी ती चुलीपुढे भाकरी थापायला बसली की मी शेजारी बसून धडा मोठ्याने वाचायचा, हा तिचा नियम. मी कंटाळलो की मधला परिच्छेद सोडायचो. कधी अख्खं पान उलटायचो.

"मधलं एक पान खाल्लंस बघ," भाकरी तव्यावर टाकता टाकता ती म्हणायची.

"तुला काय कळतंय, मामी?"

"धड्यातलं न्हाई कळत. तुझा आवाज घसरतोय ते कळतंय. माघारी जा अन् वाच."

मी माघारी जायचो. पुढे नांदेडला बी.एस्सी. झालो, नंतर एम.एस्सी. केलं. आमच्या दोन्हीकडच्या घरांतला मी पहिला पदवीधर. आयुष्यात परीक्षा घेणारे पुष्कळ भेटले, पण तिच्यासारखी उत्तरपत्रिका कुणी तपासली नाही.

भूकंप झाला तेव्हा मी लातुरात एका खासगी क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायला नुकताच लागलो होतो. त्या सकाळी आम्ही काही तरुण शिक्षक एका ट्रकमध्ये बसून औशाच्या पलीकडच्या गावांत गेलो आणि पंधरा दिवस तिथेच राहिलो. दगडमातीखालून माणसं काढायची होती. वास सहन होत नसे, म्हणून काम करणाऱ्यांना कुणीतरी दारू द्यायचं. मीही घेतली. हे सगळं खरं आहे. नंतर माझं पिणं वाढलं तेव्हा लोक आपापसांत म्हणू लागले, "सरांनी भूकंपात लई बघितलं, मनावर परिणाम झालाय." मी कधी होय म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. दहा वर्षं त्या वाक्याच्या आडोशाला बसून प्यालो.

त्याच वर्षांत लातूर बदललं. बारावीच्या निकालांमुळे मराठवाडाभरातून, पुढे महाराष्ट्रभरातून मुलं येऊ लागली. ज्या गल्लीत दोन क्लास होते तिथे वीस झाले, वर होस्टेलं, खाली मेस. आमच्या क्लासच्या दारावर, चौकात, एसटी स्टँडसमोर शिक्षकांचे फोटो छापलेले मोठे फलक लागले. त्यांत माझा फोटो होता. टाय मी फक्त त्या फोटोसाठी बांधला होता. रिक्षावाले, चहावाले, मुलांचे आईबाप, सगळे मला ओळखायचे. "सर" म्हणून नमस्कार केल्याशिवाय कुणी जाऊ द्यायचं नाही. ज्याला लपायचं आहे त्याच्यासाठी यापेक्षा वाईट गाव नाही.

सकाळची बॅच साडेदहाला सुटायची, दुपारची चारला भरायची. मधल्या वेळात मी प्यायचो. मग वेलदोडे, बडीशेप, वर पान. हात थरथरायला लागल्यावर फळ्यावर बेंझिनचा षटकोन वाकडा यायला लागला, तेव्हा मी पुठ्ठ्याचा एक षटकोन कापून आणला. तो फळ्यावर दाबून धरायचा आणि कडेने खडू फिरवायचा. मुलांना वाटायचं, सर किती टापटिपीचे. दोघाचौघांनी तसे पुठ्ठे स्वतःसाठी कापून घेतले.

बायकोला सगळं माहीत होतं. ती भांडत नसे, आणि त्यामुळे मला जास्त अडकल्यासारखं व्हायचं. एकदा ती सरकारी दवाखान्यात गेली असताना भिंतीवर चिकटवलेल्या कागदावरून एक पत्ता उतरवून घेऊन आली. दारू सोडू इच्छिणाऱ्यांची दर रविवारी सभा. फी नाही, नाव सांगण्याची सक्ती नाही. तिने तो कागद माझ्या चष्म्याखाली ठेवला.

"तुम्ही नुसतं बघून तर या," एवढंच म्हणाली.

मी गेलो. जागा आमच्या गल्लीपासून तीन वळणांवर, एका दुकानाच्या माडीवर होती. जिन्याच्या तोंडाशी, बरोबर वर, आमच्या क्लासचा फलक. माझ्याच चेहऱ्याखालून वर चढायचं होतं. समोरच्या फुटपाथवर उभा असतानाच एक पालक स्कूटर थांबवून म्हणाले, "सर, इकडे कुठं?" मी म्हणालो, "नवीन फलक कसा लागलाय ते बघायला आलो." पुढचे दोन रविवार तिथेच जाऊन परत आलो. नंतर ठरवलं, नांदेडला जाऊ. तिथे मला कोण ओळखतंय?

रविवारी क्लासमध्ये चाचणी असायची. सुट्टी हवी म्हणून मी संचालकांना सांगितलं, "अर्धापूरची मामी आजारी आहे." मामी त्या वेळी ठणठणीत होती, रोज बागेत जात होती.

अहमदपूर, लोहा करत गाडी अकराच्या सुमारास नांदेडला पोचली. दवाखान्यातल्या त्याच कागदावरून मी नांदेडचा पत्ता उतरवून घेतला होता: जुन्या नांदेडातली, नदीच्या अंगाला असलेली एक शाळा. गल्लीत शिरल्यावर रस्ता चुकलो. एका पानटपरीवर विचारावं लागलं, पण तोंडातून ते शब्द बाहेर पडेनात.

"इथं शाळेत रविवारी काही सत्संग वगैरे असतो का?"

टपरीवाल्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सत्संग न्हाई, दारू सोडवत्यात. तेच का?"

"हो, म्हणजे माझ्या एका नातेवाइकासाठी चौकशी करायची होती."

"सगळे नातेवाइकासाठीच येऊन राहिले, साहेब," पानाला चुना लावत तो म्हणाला. "सरळ जा, निळं फाटक. तुमच्या नातेवाइकाला माझा सलाम सांगा."

निळ्या फाटकातून आत गेलो तर अंगणात रांगोळी, वर्गात खुर्च्या मांडलेल्या, टेबलावर हार आणि नारळ. मी चुकून वर्षातून एकदा होणाऱ्या त्यांच्या खुल्या सभेला जाऊन पोचलो होतो. त्या दिवशी घरची माणसं, डॉक्टर, शिक्षक, बाहेरचे कुणीही येऊ शकतात. मला हे माहीत नव्हतं. मी मागच्या बाकावर बसणार, तेवढ्यात पुढून एक जण जवळजवळ पळत आला.

"अरे, हे तर आपले लातूरचे केमिस्ट्रीचे सर! सर, माझी पोरगी तुमच्याकडंच हाय. तिला भेटायला आलो की स्टँडवर तुमचाच फोटो बघतो की!" तो अर्धापूरचा होता, आपल्या भावासोबत आला होता. पाहुणे म्हणून बोलावलेले डॉक्टर अजून आले नव्हते. "देवानंच पाठवलं बघा तुमाला. सर, दोन शब्द बोला."

तिथे, त्या क्षणी, मी म्हणू शकलो असतो की मी बोलायला आलेलो नाही. तसं म्हणालो नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि मागच्या भिंतीवर फळा होता. मी आयुष्यभर जे करत आलो तेच केलं. फळ्यावर अल्कोहोलचं सूत्र लिहिलं, ते यकृतात गेल्यावर त्याचं काय होतं हे बाण काढून दाखवलं, हात का थरथरतात तेही समजावलं. माझा हात थरथरत होता, म्हणून खडू मुठीत धरून लिहीत होतो. पाऊण तास बोललो. टाळ्या वाजल्या.

तिसऱ्या ओळीत पांढऱ्या मिशांचे एक काका बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी निघताना ते फाटकापर्यंत आले. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो, असं त्यांनी सांगितलं.

"सर, एक सांगू का? राग नका मानू. उभी नोकरी मी गर्दीत बिनतिकिटाचा माणूस हुडकला. तो सगळ्यात जास्त खिडकीतून बाहेर बघतो, न्हाईतर सगळ्यात जास्त गप्पा मारतो."

मी हसायचा प्रयत्न केला.

"दर रविवारी आमची बंद सभा असती," ते म्हणाले. "तिथं शाल नसती, फळा बी नसतो. या कवा तरी."

नांदेडच्या स्टँडवर अर्धापूरची गाडी लातूरच्या गाडीला लागूनच उभी होती. अर्ध्या तासात मामीपाशी पोचलो असतो. मी स्टँडबाहेर जाऊन प्यालो आणि लातूरच्या गाडीत बसलो. नारळ मांडीवर होता.

मला वाटलं, विषय तिथे संपला. पण अर्धापूरच्या त्या पालकांनी ही बातमी क्लासमध्ये आणली. आठवड्याभरात संचालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सर, तुम्ही एवढं मोठं काम करता आणि आम्हाला पत्ता नाही! मामी आजारी म्हणून सांगता आणि समाजसेवा करून येता. याला म्हणतात विनम्रपणा."

पुढच्या फलकावर माझ्या नावाखाली एक ओळ वाढली: व्यसनमुक्ती मार्गदर्शक. नंतर निमंत्रणं सुरू झाली. एका महाविद्यालयात, एका मंडळाच्या कार्यक्रमात, उदगीरला व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात. सगळीकडे तोच फळा, तेच सूत्र, शेवटी शाल आणि नारळ. उदगीरला तर मी खोलीवर थोडी घेऊन मगच व्यासपीठावर गेलो, कारण न घेता हात आवरत नव्हता. एक म्हातारे व्यापारी भाषणानंतर माझ्या पाया पडायला वाकले. मी त्यांना वरच्यावर धरलं, पण श्वास रोखून धरला होता.

आता मला लातुरात किंवा नांदेडात, कुठेच त्या दारातून पिणारा म्हणून आत जाता येत नव्हतं. जी एक वाट होती तिच्या तोंडाशी मीच मार्गदर्शक होऊन बसलो होतो. बायकोने एके दिवशी कपाट उघडलं आणि शालींची चळत तिच्या अंगावर आली. तिने त्या एकेक करून परत घडी घातल्या.

"तुम्ही बोलता तेव्हा मी खाली बघते," ती म्हणाली. "लोकांना वाटतं, बायको लाजाळू आहे."

क्लासच्या पालक मेळाव्याला माझं भाषण ठेवलं होतं. मी बोलायला उभा राहिलो आणि पहिल्या रांगेत मामी दिसली. हिरवं लुगडं, मांडीवर पिशवी, पिशवीतून केळीची फणी डोकावत होती. अर्धापूरच्या त्याच पालकांनी तिथल्या बाजारात तिला गाठून सांगितलं होतं की तुमचा भाचा लई मोठा झाला, गावोगाव दारू सोडवत फिरतो. ते आपल्यासोबतच तिला घेऊन आले होते.

मी नेहमीचं भाषण केलं. शेवटी, माझी तशी इच्छा नव्हती, पण सवयीने भूकंपाचा प्रसंग आला: आम्ही काय पाहिलं, दारू माणसाला कशी गाठते, मी कसा सावरलो. लोक डोळे पुसत होते. मामी पुसत नव्हती. ती मान थोडी तिरकी करून ऐकत होती, चुलीपुढे बसून ऐकायची तशी.

घरी आल्यावर तिने बायकोच्या हातात केळी दिली, पाय धुतले, आणि माझ्याशेजारी येऊन बसली.

"चांगलं बोललास."

"बरं वाटलं ना, मामी?"

"हाव. पण मधलं एक पान खाल्लंस."

तिने पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती गेली. गाडी सुटताना खिडकीतून तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि हात परत घेताना तो किंचित नाकाशी नेला. किंवा मला तसं वाटलं. आजपर्यंत मला खात्री नाही.

त्या रविवारी मी कुणालाही काही न सांगता नांदेडला गेलो. पानटपरीवाल्याने ओळखलं. "नातेवाईक आला न्हाई का अजून?" मी म्हणालो, "आलाय. मीच आहे." त्याने पान लावणं थांबवलं नाही, फक्त मान हलवली. "मग जा की. सभा भरली असंल."

आत दहाबारा माणसं गोलात बसली होती. तिथे इतरांनी जे सांगितलं ते तिथेच ठेवायचं असतं, म्हणून मी माझंच लिहितो. माझी पाळी आली. उभा राहायला लागलो तर कंडक्टरकाका म्हणाले, "बसूनच बोला. वर्ग न्हाई हा."

मी म्हणालो, "मी दारू पितो. सोडायची म्हणतो, सुटत नाही. भूकंपानंतर..."

"अन् भूकंपाच्या आधी?" काकांनी विचारलं. आवाजात चिडवणं नव्हतं. पुढचा थांबा कोणता, असं विचारावं तसं विचारलं.

मी माघारी गेलो. जे पान कुणालाच वाचून दाखवलं नव्हतं ते, अडखळत का होईना, वाचलं. टाळ्या वाजल्या नाहीत. एकाने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

तेव्हापासून चार रविवार गेले आहेत. मी संचालकांना फलकावरची ती ओळ काढायला सांगितली आणि का तेही सांगितलं. ते म्हणाले, "ओळ काढली तर लोक विचारतील, सर. ओळ निघायची असेल तर फोटोही निघेल." महिनाअखेरपर्यंत विचार करा म्हणालेत. सध्या ती ओळ तिथेच आहे आणि मी रोज तिच्याखालून जातो.

मामीच्या गल्लीत फोन किराणा दुकानात आहे, तिथे पाच माणसं कायम बसलेली असतात. म्हणून पत्र लिहिलं. पण पत्र तरी तिला वाचून कोण दाखवणार? पोस्टमन, किराणावाला, नाहीतर शेजारचे गुरुजी. मुली सासरी गेल्या, मामाला वाचता येत नाही. दोन दिवस पाकीट बंद करून ठेवलं. मग त्यावर पत्त्याखाली लिहिलं, "मामीला मोठ्याने वाचून दाखवावे", आणि टाकलं. आत हे होतं:

"जे कुणी हे पत्र मामीला वाचून दाखवत असतील त्यांना हात जोडून विनंती, की काही गाळू नये. गाळलंत तर तिला कळेल. आणि हे वाचल्यावर तुम्हाला माझ्याबद्दल जे वाटेल ते वाटू द्या, त्याला माझी हरकत नाही.

मामी, तू म्हणालीस ते पान हे आहे. मी दारू पितो. लोकांना सांगतो ते खोटं, मी सावरलेलो नव्हतो. भाषण करत होतो तेव्हाही पीत होतो. भूकंपामुळे प्यायला लागलो हेही खोटं. भूकंपात जी माणसं गेली त्यांच्यावर मी माझी दारू ढकलली, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

बी.एस्सी.चा निकाल लागला तो दिवस तुला आठवत असेल. तू दोन्ही मुलींना घेऊन फाट्यावर उभी होतीस, पेढे घेऊन. संध्याकाळपर्यंत उभी होतीस, असं धाकटीने मला नंतर सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी आलो आणि म्हणालो, गाडी बंद पडली. तू म्हणालीस, हाव, पडत्यात गाड्या. त्या दिवशी गाडी बंद पडली नव्हती. गाड्या सगळ्या चालू होत्या. मी नांदेडात मित्रांच्या खोलीवर पीत होतो, आणि ती पहिली वेळ नव्हती. पास झाल्याचं मी सगळ्यांत आधी तुला सांगायला हवं होतं. तेव्हा माझा आवाज घसरला होता का, मामी? तू काही बोलली नाहीस, म्हणून मला वाटलं तुला कळलं नाही.

तू आजारी आहेस असं सांगून मी सुट्टीही घेतली. तुला काही झालं नव्हतं हे माहीत असून सांगितलं.

नांदेडला एका शाळेत काही माणसं भेटतात. मी तिथे जातो. चार रविवार झाले, घेतलेली नाही. पाचव्याचं सांगता येत नाही, तिथे तसं कुणी सांगतही नाही. हात अजून थरथरतो, अक्षरावरून वाचणाऱ्यांना दिसत असेल. नोकरी राहील की जाईल ते माहीत नाही. तुझी सून बरी आहे, तिने तुझी केळी शेजारी वाटली.

मला घरात घ्यायचं की नाही ते तू ठरव. येत्या रविवारी सभा सुटली की अर्धापूरची गाडी धरतो. फाट्यावर उभी राहू नकोस, मीच घरी येतो. गाडी खरंच बंद पडली तर चालत येईन, पण त्याच दिवशी येईन."